पहिली मोटारसायकल घेताना: आधी चेन पाहा, किंमत मग बोला

जुनी गाडी लोक विकायला कधी काढतात? बऱ्याचदा एखादा मोठा खर्च तोंडावर आला की. टायर संपत आलेले, चेन वाजायला लागलेली, बॅटरी सकाळी कुरकुर करणारी, ब्रेक पॅड शेवटच्या टप्प्यात. यात लबाडी असतेच असं नाही. पण हा सगळा खर्च घेणाऱ्याच्या खिशातून जाणार असतो आणि जाहिरातीतल्या किमतीत तो धरलेला नसतो. कमी बजेटमध्ये पहिली मोटारसायकल घेणारा नेमका इथेच फसतो. हातातले सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालतो, आणि दुसऱ्या महिन्यात पैशांअभावी गुळगुळीत टायरवर फिरत राहतो.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने लावा. एकूण रकमेतून आधी हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट आणि घोटा झाकणारे बूट यांचे पैसे काढून ठेवा. विमा आणि गाडी नावावर करण्याचा खर्चही बाजूला काढा. उरलेल्या रकमेचे चार भाग करून तीन भागांत गाडी बसवा, चौथा भाग पहिल्या तीन महिन्यांच्या कामांसाठी राखून ठेवा. गाडी खरंच ठणठणीत निघाली तर तो भाग शिल्लक राहील. सहसा राहत नाही.

हेल्मेट मात्र नवंच घ्यायचं, जुनं नाही. आतला थर्माकोलसारखा जाड थर धक्का बसला की दबतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून हेल्मेट चकाचक दिसतं, आतलं काम संपलेलं असतं. दुसऱ्याने वापरलेलं हेल्मेट किती वेळा आपटलंय हे कळायला मार्ग नाही.

कोणती गाडी

पहिल्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: १२५ ते २५० सीसी, एक सिलिंडर, शक्यतो एअरकूल्ड (हवेने थंड होणारी), वजन दीडशे किलोच्या आसपास, अंगावर फेअरिंग (इंजिन झाकणारं प्लास्टिकचं आवरण) नसलेली. ताकदीपेक्षा मला यात खर्चाची आणि पडण्याची काळजी जास्त आहे. चार सिलिंडरच्या जुन्या गाड्या कधीकधी मोहात पाडणाऱ्या किमतीत मिळतात, पण चार कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) साफ करून एकमेकांशी जुळवणं आणि सोळा व्हॉल्व्हचं टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) करणं हे काम स्वस्तात होत नाही. एका सिलिंडरला सहसा एक प्लग, दोन किंवा चार व्हॉल्व्ह आणि साधारण लिटरभर ऑइल पुरतं.

फेअरिंगचं म्हणाल तर नवशिक्या माणसाची गाडी वेगात कमी आणि उभ्या जागी जास्त पडते. यू-टर्न घेताना, उतारावर स्टँडवर लावताना, वाळूवर पुढचा ब्रेक दाबताना. उघड्या गाडीचं अशा वेळी लिव्हर वाकतं आणि इंडिकेटर तुटतो. फेअरिंगवाल्या गाडीची एक बाजूच बदलावी लागते, आणि ती एक बाजू इंजिनच्या सर्व्हिसिंगपेक्षा महाग पडू शकते. शिवाय फेअरिंगखाली काय दडलंय ते पाहतानाही दिसत नाही.

सीटवर बसून एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा टेकला तरी पुरे. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेली आणि नसलेली अशा दोन गाड्या बजेटमध्ये बसत असतील तर एबीएसवाली थोडी जुनी असली तरी घ्या. आणि मॉडेल पक्कं करण्याआधी ब्रेक पॅड, क्लच प्लेट, क्लच केबल, एअर फिल्टर आणि आरसा या पाच वस्तू सहज मिळतात का ते विचारून घ्या. उत्पादन बंद झालेली दुर्मिळ गाडी पहिल्या गाडीसाठी नकोच, साध्या केबलसाठी महिनाभर उभी राहते.

वर्ष आणि किलोमीटर यांना खरेदीदार गरजेपेक्षा जास्त किंमत देतात. रोज लांब अंतर चाललेली आणि वेळेवर ऑइल बदललेली जास्त किलोमीटरची गाडी ही तीन वर्षं कोपऱ्यात उभ्या असलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा बरी. उभ्या गाडीचं पेट्रोल कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये सुकून बसतं, टाकीला आतून गंज धरतो, ब्रेक पॅड दाबणारे कॅलिपरचे पिस्टन अडकतात, टायर कडक होतात आणि बॅटरी तर जातेच. मीटरवरचा आकडा खरा वाटत नसेल तर पायाखालचं रबर पाहा. फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, ब्रेक पेडल घासून चमकलेलं, किल्लीचं भोक सैल आणि मीटरवर मात्र आठ हजार, असं असेल तर मीटर खोटं बोलतंय.

पाहायला जाताना

टॉर्च, चिंधी, साधा मल्टिमीटर आणि वही घ्या. दिवसाउजेडी जा, पावसात किंवा रात्री गाडी पाहू नका, ओल्या रंगावर सगळंच छान दिसतं. विकणाऱ्याला आधीच सांगा, की गाडी थंडच ठेवा, मी आल्यावर चालू करू. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनच्या जवळ हात नेऊन ते गरम आहे का पाहणं. गरम असेल तर सुरुवातीची सगळी लक्षणं त्याने आधीच उरकून टाकलेली आहेत. अशा वेळी चहाला जाऊन दोन तासांनी या, किंवा दुसऱ्या दिवशी या.

कागद आधी, गाडी नंतर. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी अक्षर अक्षर जुळवा. चेसिस नंबर सहसा हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. तिथे घासल्याच्या खुणा, नवा रंग किंवा एखादा अंक तिरका दिसला तर पुढे पाहण्यात वेळ घालवू नका. कागदावरचं नाव समोरच्या माणसाचंच आहे का, गाडीवर कर्ज बाकी आहे का, हे विचारा. आणि दुसरी किल्ली मागा. चिपवाली किल्ली असेल तर हरवलेली दुसरी किल्ली बनवून घेणं स्वस्त नसतं.

आता चेन. एखाद्या गाडीची निगा कशी राखली गेली हे एकाच जागी पाहायचं असेल तर मी चेनकडे पाहीन. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) अगदी मागच्या टोकाला चेनची एक कडी चिमटीत धरून मागे ओढा. चेन चांगली असेल तर ती दातांना घट्ट चिकटून राहते. ओढल्यावर दाताची निम्मी उंची उघडी पडत असेल तर चेन संपली. मग स्प्रॉकेटचे दात पाहा: दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर ठीक, एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर तेही गेले. पुढे गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हळूहळू फिरवा आणि खालच्या बाजूने चेनचा ढिलेपणा चार-पाच ठिकाणी बोटाने वर-खाली करून पाहा. बऱ्याच लहान गाड्यांना तो २५ ते ३५ मिमी असतो. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी लोंबणारी चेन कितीही ॲडजस्ट केली तरी सुधारत नाही, कारण तिच्या कड्या असमान ताणलेल्या असतात. शेवटी मागच्या ॲक्सलजवळच्या खुणा पाहा. चाक खाचेच्या पार मागच्या टोकाला गेलेलं असेल तर ताणायला जागाच उरलेली नाही. नुसती चेन बदलून पैसे वाचवू नका. घासलेले स्प्रॉकेट नवी चेन लवकर खातात. चेन, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट असे तिन्ही एकदम बदलायचे, आणि वहीत तेवढी रक्कम लिहायची.

टायरच्या बाजूला लांबलचक कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण टायर आठ वर्षांचा, अशी गाडी कमी चालवलेल्यांकडे हमखास मिळते. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही, बाजूला बारीक भेगा दिसतात. तो टायर हिशेबात संपलेलाच धरा. पुढचा आणि मागचा वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर एवढं बिघडत नाही, पण माप गाडीवर लिहिलेल्या मापाशी जुळायला हवं. दिसायला भारी म्हणून रुंद टायर चढवलेला असेल तर तो चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासत नाही ना, ते पाहा.

पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या) चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवा. धूळ धरलेलं तेलाचं वर्तुळ दिसलं तर ऑइल सील गळतंय. सील स्वतः महाग नाही. पण नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील बसवूनही ते थोड्याच दिवसांत फाटतं, आणि नळी बदलणं हे मोठं काम आहे. त्यामुळे बोटाला खरखर लागली की भावातून बरीच रक्कम वळती करा. गळालेलं तेल खाली ब्रेकवर पोचलं असेल तर पॅडही बदलावे लागतील.

कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) पाहायला दोघं लागतात. एकाने मागून दाबून पुढचं चाक उचलून धरायचं, दुसऱ्याने हँडल दोन बोटांनी हळू फिरवायचं. बरोबर मध्यावर हँडल खटकन अडकल्यासारखं झालं तर बेअरिंगच्या वाटीत खळगे पडलेत. त्याच वेळी फोर्कचं खालचं टोक धरून मागेपुढे हलवा. टकटक जाणवली तर ढिलाई आहे. मागचं चाक आडवं हलवून स्विंगआर्मचे बुश, आणि वर-खाली धरून हलवून चाकाचे बेअरिंग. या दोन्ही कामांना पार्ट स्वस्त, मजुरी जास्त.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. कडेला बोटाला ठळक कड लागत असेल तर डिस्क त्या जाडीच्या जवळ आली असणार. पॅडचं मटेरियल दीड-दोन मिमी उरलं असेल तर बदलायचं. ब्रेक ऑइलच्या डबीतलं तेल काळपट चहासारखं झालं असेल तर ते कित्येक दिवसांत बदललेलं नाही. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावंच लागतं. लिव्हर स्पंजासारखं मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे.

पडलेली गाडी कशी ओळखायची

टाकीवरचा ओरखडा फारसं काही सांगत नाही. खरं काय ते टोकं सांगतात: लिव्हरची टोकं, हँडलच्या कडेचे वजनाचे गोळे, फूटरेस्टची टोकं, इंजिनच्या कव्हरची कड, सायलेन्सरचा बाहेरचा भाग. एकाच बाजूची सगळी टोकं घासलेली असतील तर गाडी त्या बाजूवर सरकत गेली आहे. एकच टोक घासलंय आणि लिव्हर नवं आहे, तर उभ्या उभ्या पडली असेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

धोकादायक ठोकर वेगळी, ती समोरून झालेली असते. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्हीकडे ते ज्या छोट्या लोखंडी ठोकळ्याला टेकून थांबतं तो ठोकळा दबलेला, तुटलेला किंवा पुन्हा वेल्डिंग केलेला आहे का पाहा. हा भाग कोणी रंगवून लपवत नाही, कारण तिथे कोणी पाहतच नाही. मानेजवळ रंगाला पडलेल्या भेगा आणि सुरकुत्या, फोर्क बाजूने पाहिल्यावर किंचित मागे वाकलेले, मागून पाहिल्यावर दोन्ही चाकं एका रेषेत नसणं, यापैकी काहीही दिसलं तर नमस्कार करून निघायचं. वाकलेली चेसिस कमी बजेटमध्ये परवडत नाही, कितीही स्वस्त दिली तरी.

स्क्रूची डोकीही पाहा. इंजिन कव्हरच्या स्क्रूंची तोंडं गोल झालीत, जोडामधून सिलिकॉनचा लोंबता थर बाहेर आलाय, ड्रेन बोल्टच्या कडा मेलेल्या आहेत, तर कोणीतरी घाईत, चुकीच्या पान्याने इंजिन उघडलंय. सीटखाली फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला किंवा पिळून टेप मारलेल्या वायरी दिसल्या तर इलेक्ट्रिकचा उद्योग वाट पाहतोय.

चालू करून

थंड इंजिन चालू करण्याआधी मल्टिमीटर बॅटरीला लावा. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा दहाच्या बराच खाली कोसळला तर बॅटरी म्हातारी झाली. गाडी चालू झाल्यावर थोडी रेस देऊन पुन्हा पाहा: १३.५ ते १४.५ हवेत. आकडा १३ च्याही वर जात नसेल तर स्टेटर कॉइल (वीज तयार करणारी) किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा) गेलाय. १५ च्या वर चढत असेल तर रेग्युलेटर बॅटरी उकळतोय. नवी बॅटरी घातलीय हे विकणारा अभिमानाने सांगतो तेव्हा हे नक्की मोजा. चार्जिंगचा बिघाड झाकायचा सोपा उपाय तोच असतो.

धूर पाहायला एकाला मागे उभं करा. चालू होताना निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, त्या मानाने लहान काम आहे. रेस दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर, म्हणजे इंजिन खोलावं लागेल. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर किंवा कार्बोरेटर पाहावा लागेल. थंडीत पांढरी वाफ पहिली काही मिनिटं येते ती साधी. लिक्विडकूल्ड (रेडिएटरवाल्या) गाडीत मात्र गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या डोक्याखालच्या सीलचा) संशय धरा. टू-स्ट्रोकला हे नियम लागू नाहीत, ती ऑइल जाळतच चालते.

आवाज ओळखायला कान सरावाचे लागतात, तरी एक फरक सहज कळतो. वरून येणारी हलकी, एका लयीतली टिकटिक टॅपेटची, सेटिंगने जाते. बाजूने खळखळ येणारी, रेस वाढवल्यावर बदलणारी, टायमिंग चेनची (इंजिनमधली, व्हॉल्व्ह चालवणारी चेन). टेन्शनरने (ती ताणून धरणाऱ्या भागाने) सुटली तर नशीब. खालून येणारी जड ठकठक क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची. ती ऐकली की गाडी परत स्टँडवर.

चालवायला मिळाली तर दोन गोष्टी मुद्दाम करून पाहा. मधल्या वेगाला टॉप गिअरमध्ये एकदम पूर्ण रेस द्या. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. लगेच क्लच प्लेटचा खर्च धरू नका, आधी केबलला थोडी ढील आहे का पाहा, आणि कोणतं ऑइल घातलंय ते विचारा. कारचं ऑइल घातलेल्या गाडीचा ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच घसरू शकतो. मोटारसायकलच्या ऑइलवर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट, दुसऱ्या गिअरमध्ये रेस देत आणि सोडत चालवा. गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला आला तर गिअरचे दात किंवा गिअर सरकवणारे आतले फोर्क झिजलेत. त्यासाठी इंजिन दोन भागांत उघडावं लागतं. ही गाडी सोडा.

परत आल्यावर गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. थंड असताना पटकन चालू होणाऱ्या आणि गरम झाल्यावर रुसणाऱ्या गाड्या बऱ्याच असतात, आणि त्या नेमक्या सिग्नलला बंद पडतात.

भाव

वहीतली यादी आता कामाला येते. "थोडं कमी करा" म्हणून काही होत नाही. चेन सेट, मागचा टायर, ब्रेक पॅड, त्यांची आजची किंमत आणि मजुरी हे त्याच्यासमोर मांडा आणि बेरीज करून तेवढेच कमी मागा. बेरीज तुमच्या चौथ्या भागापेक्षा मोठी होत असेल तर घासाघीस न करता उठा. ओरखडे, फुटलेला आरसा, फाटलेलं सीट कव्हर यांवर वाद घालू नका. ती स्वस्त कामं आहेत आणि पहिली गाडी तशीही एकदा तरी पडणार आहे.

गाडी घरी आली की जुन्या मालकाने परवाच सर्व्हिसिंग केलं असं सांगितलं तरी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, म्हणजे पुढची तारीख तुमच्या हातात राहते. काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उजेडात पाहा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चमकते बारीक कण थोडे असणं चालतं, टोचतील असे तुकडे मिळाले तर आतलं काही तुटतंय. मग एअर फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, टॅपेट तपासणी. केबल्सना तेल, आणि टायरमध्ये हवा मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, थंड टायरला. नवे टायर बसवले असतील तर पहिले दीडशे किलोमीटर वळणावर गाडी कमी झुकवा आणि ब्रेक हळू दाबा, नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर निघून जाईपर्यंत ते घसरतं. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ताणली जाते, तेव्हा तिचा ढिलेपणा पुन्हा एकदा मोजून ॲक्सलचा नट नीट आवळून घ्या.